राखेखालचा विस्तव

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला थर्मोडायनामिक्स सुरू झालं आणि दिवाळीच्या सुट्टीत मी ते सगळं आजीवर झाडलं. घरात गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी परसातली चूल तिने सोडली नव्हती. भाकरी तिथेच. पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून आधी जाळात टाकायची, मग आम्हाला.

मी म्हणालो, "आजी, अग्निदेव वगैरे काही नसतं. लाकडातला कार्बन ऑक्सिजनशी संयोग पावतो, उष्णता बाहेर पडते. विषय संपला."

"असेल बाबा," ती म्हणाली, "मग विझल्यावर जाळ कुठं जातो, तेवढं सांग."

"कुठं जाणार? संपतो!" मी हसून मोकळा झालो.

फेब्रुवारीत पहाटेच होस्टेलवर फोन आला. दुपारी घरी पोचलो तर अंगणात तिरडी बांधून तयार होती. बाबा म्हणाले, "मडक्यात विस्तव घालायचाय. तिच्या चुलीत बघ." आदल्या रात्री तिने नेहमीसारखा विस्तव राखेत झाकून ठेवला होता. मी राख उकरली. आत निखारा लालच होता.

तिनेच झाकलेला तो विस्तव मडक्यात घेऊन बाबा पुढे चालले. मी मागून. माझं 'संपतो' सारखं आठवत होतं.

परत आल्यावर सबमिशन बाजूला ठेवून लायब्ररीतली धूळ खात पडलेली पुस्तकं काढली. ऋग्वेदाचा पहिला शब्दच अग्नीचा आहे. तिथे तो नुसता जाळणारा नाही, तर पोचवणारा आहे. माणसाने दिलेलं देवांकडे नेतो, म्हणून त्याला दूत म्हटलंय, हव्यवाहन म्हटलंय. दहाव्या मंडलातल्या अंत्यविधीच्या सूक्तात तर त्याला चक्क विनवणी आहे: याला पार जाळून टाकू नकोस, पितरांपर्यंत पोचव. श्वेताश्वतर उपनिषद सांगतं की अग्नी लाकडात लपलेला असतो. दिसत नाही म्हणून नसतो असं नाही, अरणी घासली की प्रकटतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात तोच वैश्वानर होऊन आपल्या पोटात अन्न पचवतो. म्हणजे आजी जाळाला आणि आम्हाला एकाच अग्नीसाठी वाढत होती!

मित्रांनो, ऋषींना थर्मो येत होतं असं मी म्हणणार नाही. ते मोजमाप आपलं, त्यांचं ते चिंतन. पण मे महिन्यातल्या व्हायव्हात सरांनी विचारलं, "उष्णता म्हणजे काय?" पाठ केलेलंच बोललो, "सर, उष्णता वस्तूत साठलेली नसते. तापमानातल्या फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाणारी ऊर्जा, ती उष्णता." बोलता बोलता थांबलो. जाणारी. संपणारी नव्हे.

सर म्हणाले, "बरोबर. पुढे?"

पुढचं काही सुचेना. मार्क मिळाले. पण ज्या माणसाने तो प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, तिला उत्तर सांगायचं राहूनच गेलं.

आता मेसमध्ये पहिला घास घेताना क्षणभर थांबतो. पोरं विचारतात, "काय रे, प्रार्थना का?"

"नाही रे," मी म्हणतो, "आजीला उत्तर देतोय."