भौतिकशास्त्र शिकून पुढे काय?

बारावीचा निकाल लागला की धर्मग्रामात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मूल विज्ञान शाखेचे असेल तर डॉक्टर, नाही तर इंजिनियर. तिसरे नाव सहसा कोणी उच्चारीत नाही. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून फिरताना हीच दोन नावे आमच्या कानी पडतात. आईबापांनी कष्टाने शिकवलेल्या लेकराला लवकर नोकरी लागावी, एवढीच त्यामागची साधी अपेक्षा असते.

गेल्या वर्षी मुरबाडकडील एका कुटुंबातली मुलगी बारावी झाली. वडील औद्योगिक वसाहतीत कामगार. मुलीला गणित व भौतिकशास्त्रात उत्तम गुण, परंतु आय.आय.टी.च्या परीक्षेत क्रमांक लागला नाही. दूरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळत होती आणि तिच्यापायी वडील घरामागची जमीन विकावयास निघाले होते. मुलगी म्हणे, "मला कल्याणला जाऊन फिजिक्स शिकायचे आहे." वडील आमच्याकडे आले. "फादर, तुम्हीच तिला समजवा. फिजिक्स शिकून पोर करणार काय?"

प्रश्न रास्त होता. गेलेली जमीन परत येत नाही, तशीच लेकराची गेलेली वर्षेही परत येत नाहीत.

एखादी गोष्ट का घडते, हे भौतिकशास्त्र विचारते. ती घडवून कशी आणावी, हे अभियांत्रिकी विचारते. या दोहोंची सांगड म्हणजे अभियांत्रिकी भौतिकी. पवईच्या आय.आय.टी.त या विषयाची स्वतंत्र पदवी आहे. पण तिथल्या जागा मोजक्या. तेव्हा खरा प्रश्न असा की, कला, वाणिज्य व विज्ञान एकाच छपराखाली शिकवणाऱ्या साध्या महाविद्यालयातूनही ही वाट निघते काय?

निघते, असे इतिहास सांगतो. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर यूजीन लाफों हे बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू भौतिकशास्त्र शिकवीत. प्रयोग करून दाखवल्याखेरीज त्यांचे शिकवणे पुरे होत नसे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या जगदीशचंद्र बोस यांनी पुढे स्वतःची उपकरणे स्वतः बनवून बिनतारी लहरींवर प्रयोग केले. त्या लहरी टिपणाऱ्या त्यांच्या स्फटिक-साधनाला 1904 साली अमेरिकेत पेटंट मिळाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. आयोवा राज्यात ग्रिनेल नावाचे छोटे महाविद्यालय आहे. तिथे साहित्य, तत्त्वज्ञान आणि विज्ञान शेजारी-शेजारी नांदतात. 1947 च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि थोड्याच काळात तिथले प्राध्यापक ग्रँट गेल यांनी त्याविषयी वर्गात शिकवावयास आरंभ केला. त्या वर्गात रॉबर्ट नॉइस हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा बसत असे. 1949 साली तो पदवीधर झाला, 1959 साली त्याने एकात्मिक परिपथाची रचना सिद्ध केली आणि 1968 साली इंटेल ही कंपनी स्थापण्यात भाग घेतला. महाविद्यालय लहान होते. शिक्षक मात्र जागा होता.

इतके दूर तरी कशाला जावे? मुरबाडहून माळशेज घाट चढून ओतूर-जुन्नरच्या वाटेने गेले की नारायणगावजवळ खोडद लागते. तिथे व भोवतालच्या परिसरात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांनी या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता पोलादी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीच्या केल्या. जाळीची छिद्रे रेडिओ लहरींच्या लांबीहून पुष्कळ लहान असल्यामुळे लहरी परावर्तित होतात, वारा मात्र आरपार निघून जातो. साहजिकच सांगाडा हलका झाला व खर्चही उतरला. इथे "का" ठाऊक होते, म्हणूनच "कसे" सुचले.

आता आमच्या दारातले पाणी पाहा. तानसा (1892), मोडकसागर (1957) आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातले. त्यांचे पाणी मुंबईची तहान भागवते. पण उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. हजार लिटर पाणी 50 मीटर उंच चढवावयास किती वीज लागेल, हे पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मांडू शकतो. हिशेबाने येते जेमतेम 0.14 युनिट, पंपातील तूट धरली तरी पाव युनिटच्या आसपास. तेवढ्याच पाण्यासाठी आमच्या बायाबापड्या डोक्यावर किती हंडे वाहतात! कोरड पडते ती केवळ विजेवाचून नव्हे. नळ, देखभाल आणि आस्था यांचीही वाण असते. तरी हा हिशेब मांडणारे लेकरू पाड्यातच असले, तर मागणी करावयास बळ येते.

आम्ही स्वतः सेमिनरीत ईशज्ञानाआधी तत्त्वज्ञान शिकलो. त्याचा नित्याच्या सेवेत थेट उपयोग दिसत नसे. पण प्रश्न नीट मांडावयाची सवय तिथेच जडली आणि ती आजवर कामी येते.

या वाटेवर खाचखळगेही आहेत. लहान महाविद्यालयाची प्रयोगशाळा तोकडी असू शकते. बी.एस्सी. झाल्याने कोणी इंजिनियर ठरत नाही आणि काही नोकऱ्यांना ती पदवीच लागते. मात्र दारे बंद होत नाहीत. "जॅम" परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी. करता येते; बी.एस्सी.नंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाचीही सोय आहे, तिचे नियम त्या त्या वर्षी तपासावेत.

हे सारे आम्ही त्या वडिलांपुढे मांडले आणि म्हणालो, "निर्णय तुमचा व तिचा. पण जमीन विकण्याआधी तीन गोष्टी पाहा: प्रयोगशाळा रोज उघडते का, शिक्षक पुरेसे आहेत का, आणि मुलीची ओढ खरी आहे का." ते स्वतः कल्याणला जाऊन आले. आज मुलगी पहाटेच्या एस.टी.ने कॉलेजात जाते. जमीन जागेवर आहे. पुढे काय होईल हे तिच्या अभ्यासावर अवलंबून आहे.

वाचक पालकहो, दरवर्षी 28 फेब्रुवारी या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. प्रवेशाचे अर्ज भरण्याआधी एकदा मुलांना तिथे घेऊन जा. तबकड्यांपुढे उभे राहून मूल काय प्रश्न विचारते, ते नीट ऐका. कोणता अर्ज भरावा, हे ठरवणे मग सोपे जाईल.