कोरी जागा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत चाकुरास आमच्या घरीं गेलें असतां तेथील कांहीं संशोधक विद्यार्थ्यांसाठीं दोन दिवसांचा एक लहानसा वर्ग घेण्याचा योग आला. चाकूर हें लातूर-नांदेड रस्त्यावरील तालुक्याचें गांव. वर्गास आलेल्यांपैकीं कोणी मातीचे नमुने तपासणारे, कोणी पावसाचे आंकडे जुळविणारे, तर एक मुलगी जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी. विषय होता आवृत्ति-नियंत्रण. म्हणजे संगणकावर केलेल्या कामांत केव्हां, काय आणि कां बदललें याची नोंद कशी ठेवावी, हा. विषय रुक्ष दिसतो खरा; परंतु तो मी कां शिकवूं लागलें याची हकीकत आमच्या घरांतलीच आहे, आणि ती सांगतांना मला अजूनही संकोच वाटतो.

माझे मामंजी शाळामास्तर होते. अंगणांत पर्जन्यमापक बसवून ते रोज सकाळीं साडेआठला, म्हणजे हवामानखात्याच्या वेळेस, पाऊस मोजीत आणि वहींत टिपीत. सासूबाई म्हणत, एक वेळ पूजा चुकेल, पण पावसाची वही चुकावयाची नाहीं. मी संख्याशास्त्र शिकलेली सून. म्हणून त्या वह्या मोठ्या विश्वासानें माझ्या हातीं आल्या. मीं त्या संगणकांत उतरवून काढल्या. मधून मधून कांहीं दिवस कोरे होते. रिकाम्या रकान्यांपाशीं हिशेब अडखळूं लागला, तेव्हां मीं त्या सर्व ठिकाणीं शून्य घातलें आणि फाइल त्याच नांवानें जतन केली. वह्या माळ्यावर गेल्या. दोन पावसाळ्यांनंतर ट्रंक उघडून पाहिली, तों वाळवीनें त्यांचा भुगा केलेला.

पुढें एके दिवशीं मामंजींनीं १९९३ सालचे आंकडे मागितले. मीं हौसेनें कागद छापून दिला. त्यांनीं चष्मा सारखा केला, सप्टेंबरअखेरच्या ओळीवर बोट ठेविलें आणि विचारलें, "सूनबाई, इथं माझी कोरी जागा होती, ती कुठं गेली?"

३० सप्टेंबर १९९३! त्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. गणपतिविसर्जन करून लोक नुकते निजले होते; लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें दगडामातीच्या भिंतींखालीं गेलीं, आणि हजारों माणसें दगावलीं. मामंजी चार सहकाऱ्यांबरोबर मदतीस गेले, ते आठ दिवसांनीं परतले. ते म्हणाले, "त्या आठवड्यांत पाऊस पडला होता. ढिगारे उपसतांना मी तिकडं भिजलों, आणि इकडं तुझ्या सासूचीं वाळवणं भिजलीं. मी मोजला नाहीं, एवढंच. तूं लिहिलंस, पडलाच नाहीं."

न मोजलेलें आणि न घडलेलें यांतील भेद मी परीक्षेंत लिहून गुण मिळविले होते! मामंजी रागावले असते तर बरें वाटलें असतें. ते रागावले नाहींत. पुढें महिनाभर संध्याकाळीं ते व सासूबाई जुन्या पंचांगांच्या कडेला लिहिलेल्या टिपा, लग्नपत्रिका, दवाखान्याचे कागद घेऊन बसत, आणि कोणत्या दिवशीं आपण गांवीं नव्हतों हें आठवून मला सांगत. पुष्कळ कोऱ्या जागा परत मिळाल्या, सगळ्या नाहीं. राहिलेल्या शून्यांपैकीं खरीं कोणतीं आणि माझीं कोणतीं, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं.

त्यानंतर मी गिट नांवाचें साधन शिकलें. लिनस टॉरवाल्ड्स यानें एप्रिल २००५ मध्यें तें रचावयास घेतलें. लिनक्सच्या कामासाठीं तोंवर जें साधन वापरीत, त्याची फुकट वापरण्याची सवलत बंद झाली, तेव्हां त्यानें कांहीं दिवसांतच हें नवें उभें केलें. त्याचें तत्त्व आपल्या पेढीवरच्या कीर्दवहीचें आहे. कीर्दींत चूक झाली तर खाडाखोड करीत नाहींत. उलट नोंद घालून तपशील लिहितात. गिटमध्यें प्रत्येक टप्प्यास कामाची स्थिति, तारीख, करणाराचें नांव आणि कारण यांची नोंद होते. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून काढलेली, बहुधा चाळीस अक्षरांची, खूण मिळते. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी खूण बदलते. वैदिक मंडळी तेच शब्द क्रम, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं म्हणून अक्षर ढळूं देत नाहींत, त्याची येथें आठवण होते.

ही काळजी आपल्याकडे नवी नाहीं. याच मराठवाड्यांत पैठणास एकनाथ महाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून पाठ शुद्ध केला, आणि त्यांत कोणी आपली ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें. त्यांचे उपकार थोर आहेत. परंतु त्यांनीं कोणते पाठ पाहिले आणि कोणते टाकले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाहीं. उलट पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ एवढ्या काळांत महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली, तिच्यांत निवडलेल्या पाठाखालीं पोथ्यापोथ्यांतील पाठभेदही छापले आहेत. संपादकांचा निर्णय न पटला तर वाचकास स्वतः पडताळा घेतां येतो.

वर्गांत मीं पहिल्यानें विचारलें, "तुमच्या संगणकांत 'प्रबंध अंतिम', 'प्रबंध खरा अंतिम' अशा किती फाइली आहेत?" सगळे हंसले, कोणाच्याच कमी नव्हत्या. ग्रेग विल्सन व ब्रेंट गोर्डा यांनीं १९९८ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत संशोधकांसाठीं 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' या नांवाचे वर्ग सुरू केले. त्या परंपरेंतील एक युक्ति मी वापरतें. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिठ्ठ्या द्यावयाच्या. काम झालें तर एक संगणकावर चिकटवावी, अडलें तर दुसरी. लाजाळू मुलाला हात वर करावा लागत नाहीं.

अडतें तें ठरलेल्या जागीं. 'ॲड' आणि 'कमिट' या दोन पायऱ्या कशाला, असें सर्वांस वाटतें. मी सांगितलें, गांवीं धाडावयाचें सामान आधीं ओटीवर काढून ठेवतों, तें ॲड. मग पेटींत भरून वर चिठ्ठी लावतों, तें कमिट. चिठ्ठी लिहावयास विसरलें कीं कित्येक संगणकांवर एक अनोळखी संपादक उघडतो आणि त्यांतून बाहेर पडण्याची वाट नवख्यास सांपडत नाहीं. तेथें निम्म्या वर्गाच्या अडल्याच्या चिठ्ठ्या लागल्या. दुपारीं वीज गेली आणि इंटरनेटही गेलें. पण सर्व इतिहास ज्याच्या त्याच्या संगणकांत असल्यामुळें, बॅटरी होती तोंवर काम थांबलें नाहीं. ओव्यांच्या मुलीनें विचारलें, "बाई, दोन आज्या एकच ओवी निराळी म्हणतात; खरी कोणती धरूं?" मीं म्हटलें, "दोन्ही ठेव, आणि कोणती कोणाची तें लिही."

शेवटीं मीं सर्वांकडून पावसाची चार ओळींची फाइल लिहवून घेतली व तिची नोंद करविली. मग कोऱ्या जागीं शून्य घालून पुन्हां नोंद करविली, आणि मागील स्थिति परत आणण्याची आज्ञा दिली. मागच्या बांकावरचा एक मुलगा मोठ्यानें म्हणाला, "बाई, कोरी जागा परत आली!" मला क्षणभर पुढें बोलवेना.

मात्र हें साधन माझी चूक टाळूं शकलें नसतें, हेंही मीं त्यांस सांगितलें. तें आपण केलेली नोंदच तेवढी राखतें. शून्य घालण्यापूर्वीं विचारावें कोणाला, हें तें सांगत नाहीं. माझे मामंजी शेजारच्या खोलींत होते, आणि मीं विचारलें नव्हतें.

मामंजी दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतच गेले. पर्जन्यमापक अजून अंगणांत आहे. सासूबाई मोजतात, माझा मुलगा आंकडा भरतो आणि नोंद करतो. त्या वर्षीच्या श्रावणांत एक दिवस रिकामा आहे. पाऊस पुष्कळ होता, पण घरांत कोणाला मोजण्याचें भान नव्हतें. मुलानें नोंदीपुढें कारण लिहिलें आहे, आणि जागा कोरीच ठेविली आहे.