पाण्याखालची नदी

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांना गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा झाली, अशी आम्हां कोल्हापूरकरांची श्रद्धा आहे. चार नद्या डोळ्यांना दिसतात. पाचवी मानून घ्यावयाची. परंतु पाण्याखालून खरोखरीच वाहणारे प्रवाह असतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.

गढूळ पाणी निवळ पाण्याहून जड असते. त्यामुळे पुराचा लोट संथ जलाशयात शिरला म्हणजे पुष्कळदा वरच्या पाण्यात न मिसळता खाली बुडी मारतो आणि तळाच्या उताराने पुढे सरकतो. अमेरिकेतील मीड सरोवरात १९३५ साली असा प्रवाह निवळ पाण्याखालून थेट हूव्हर धरणापर्यंत पोहोचला. १९२९ साली न्यूफाउंडलंडनजीक भूकंपाने समुद्रतळाचा गाळ ढासळला, तेव्हा तारायंत्राच्या १२ तारा तुटल्या. काही तत्क्षणी, तर बाकीच्या सुमारे १३ तासांत एकीमागून एक. त्या तुटण्याच्या वेळांवरूनच हीझेन व यूइंग यांनी १९५२ साली त्या लोटाचा वेग काढला.

असा लोट मंदावला म्हणजे ओझे टाकू लागतो. खळ्यावर उफणणी करताना दाणा जवळ पडतो, भूस दूर जाते; तसेच येथेही. जाड वाळू आधी बसते, बारीक तिच्यापुढे, आणि चिखल सर्वांच्या शेवटी. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर नदीकाठच्या घरांतून आम्ही उपसला तो लोण्यासारखा चिखल हा असाच शेवटी बसणारा अंश होय.

राधानगरीचे धरण भरून त्याचे ७ स्वयंचलित दरवाजे उघडू लागले, की ती वार्ता घरोघर पोहोचते. ते दरवाजे वरचे पाणी सोडतात; तळाचा गाळ मात्र तेथेच राहतो आणि तेवढी पाण्याची जागा अडवितो. शाहू महाराजांनी भोगावतीवर आरंभिलेले हे काम, महाराज १९२२ साली निवर्तल्यानंतर, स्वातंत्र्योत्तर काळी पुरे झाले. इतक्या सायासाने मिळालेली साठवण राखावयाची, तर केवळ भिंतीकडे पाहून भागणार नाही. दाजीपूरच्या रानातील मुळांनी डोंगराची माती धरून ठेवली, तरच तळ मोकळा राहील. ते रान विरळ झाले, तरी सरोवर वरून पूर्वीइतकेच निवळ दिसेल. धरण यंदा लवकर भरले म्हणून आम्ही आनंद मानू. ते लवकर का भरले, हे मात्र तळासच ठाऊक असेल.