पुढची चाकं का फिरत नाहीत?

अकोले तालुक्यातला पाऊस, सूनबाईचे दिवस भरत आलेले आणि वाडीतून दवाखान्यापर्यंत आधार पुतण्याच्या जुन्या जीपचा. नेमकी फोर व्हील टाकूनही पुढची चाकं चिखलात हलेनात.

"ट्रान्सफर केस गेली, काका," तो म्हणाला.

मी मराठीचा मास्तर, पण प्रश्न क्रमाने विचारायची सवय जात नाही. म्हटलं, पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो का? फिरत होता. म्हणजे दोष त्याच्या पुढे. डावा हब गंजून लॉकच होत नव्हता. एक बाजू सुटी राहिली, की डिफरन्शियल तिलाच नुसतं फिरवत बसतं आणि उजवं धडधाकट चाकही थांबतं! हब साफ केला, ग्रीस भरलं, काम झालं.

मागे पडलेल्या पोरालाही आपण असंच 'डोकंच नाही' म्हणून मोकळे होतो, नाही का? अडलेलं असतं कुठेतरी एकाच जागी. असो, जीप आता दारात तयार आहे.