आज कोण जागणार?

आमच्या घरात रात्रीची जेवणं उरकली की एवढंच ठरवायचं असतं. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. बाराला झोपतो आणि तीनला टक्क जागा. रडत नाही, हट्ट नाही. स्वयंपाकघरात जाऊन डब्यांची झाकणं फरशीवर भिंगरीसारखी फिरवत बसतो. एक आडवं पडायच्या आत दुसरं. म्हणून सिलिंडर रात्री बंद, बाहेरच्या दाराला वरची कडी, आणि त्याच्या खोलीच्या पडद्याला मी घुंगरं शिवली आहेत. तो उठला की कळावं.

हा लाडाचा किंवा वळण नसल्याचा प्रश्न नाही, हे मला ठासून सांगायचंय. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. अनेक स्वमग्न मुलांमध्ये ही लयच बिघडलेली असते. स्मिथ-मॅजेनिस सिंड्रोममध्ये तर मेलाटोनिन दिवसा वाढतं. मध्यरात्री खेळणाऱ्या त्या मुलाच्या शरीरात खरोखरच दिवस असतो. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांचा झोपेत श्वास अडकतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलाला कूस बदलता येत नाही, त्याच्यासाठी कुणाला तरी उठावंच लागतं.

हे 'कुणीतरी' म्हणजे बहुधा आई. थेरपी सेंटरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून, मांडीवरची पर्स घट्ट धरून डुलक्या घेणाऱ्या बायका मी रोज पाहते. मुलाची झोप फाइलमध्ये लिहिली जाते. आईची लिहायला रकाना नसतो. "आईला कसली आलीय झोप!" असं लोक कौतुकानं म्हणतात. मला ते कौतुक सहन होत नाही. जागून जागून माणूस चिडचिडा होतो, विसरतो, आजारी पडतो, आणि त्याची झळ मुलालाच लागते. तिची झोप हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत पालकांना थोडी उसंत देण्याची सोय आहे. ती गावोगावी हवी. तोवर विचारपूस करणाऱ्यांना मी सरळ सांगते, औषधं सुचवू नका, एका रात्रीसाठी मुक्कामाला या. नणंद आली. तिला सगळं दाखवून मी दहाला आडवी झाले ती सकाळी आठला उठले. मुलाची आंघोळ, दूध, सगळं झालेलं. "वहिनी, पुढच्या शनिवारी ह्यांनाही घेऊन येते," ती म्हणाली, "त्यांनाही शिकू दे."