अम्मीचे दोन दात

अम्मीच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले तेव्हा घरात सगळ्यांनी एकच विचारले, आता हे किडणार नाहीत ना? टायटॅनियमला कीड लागत नाही, हे खरे. पण भोवतीची हिरडी आणि हाड आपलेच असते. तिथे कीटण साचले की हिरडी सुजते, रक्त येते, पुढे हाड झिजते आणि पक्का बसलेला दात हलू लागतो. आधी दुखेलच असेही नाही. अम्मीला शुगर आहे, म्हणून आम्हाला याची धास्ती जास्त.

मिसवाकची काडी अम्मीने सोडली नाही. सोडावी असे आम्हालाही वाटत नाही. वुजूच्या वेळी टोक भिजवून, मऊ करून, हलक्या हाताने फिरवते. मिश्री मात्र घरातून गेली, आणि त्यावरून चार दिवस अबोला झाला. इशानंतर मऊ ब्रश, मग फटीत जाणारा बारीक ब्रश, तोही प्लास्टिकने मढवलेल्या तारेचा. रमजानमध्ये सहेरीला घाई होते, म्हणून तिचा अलार्म दहा मिनिटे आधीचा. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे नेतो. रिक्षात बसल्यापासून ती खर्चाची कुरकुर करते, आम्ही ऐकून घेतो.