पुऱ्यातलं घर

अचलपुरात घरचा पत्ता म्हणजे पुऱ्याचं नाव. बिलनपुरा, हिरापुरा, सरमसपुरा. पाहुण्याला "दुल्हा दरवाज्यातून आत या" एवढं सांगितलं की पुरे. त्या कमानीचे फोटो काढायला कोणी लांबून आलं की आम्हाला जरा गंमत वाटते. आम्ही तिच्याखालून भाजीच्या पिशव्या नेतो.

1490 साली फतहुल्ला इमादुल्मुल्कने वऱ्हाडात इमादशाही उभी केली तेव्हा हे अचलपूर, त्या वेळचं एलिचपूर, राजधानीचं गाव होतं. पुढे नवाब आले. इंग्रजांनी छावणी परतवाड्याला टाकली. 1905 मध्ये एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन झाला. मान गेला, दगड राहिले. पर्यटकांच्या गाड्या परतवाड्याहूनच चिखलदऱ्याकडे वळतात, त्यामुळे आमच्या दरवाज्यांना तिकीट नाही की रांग नाही. मला तर हा फायदाच वाटतो.

जवळ राहण्याची खरी चैन ही की काहीही 'पाहून संपवावं' लागत नाही. बाहेरचा माणूस चिखलदऱ्याला गेला की सगळे पॉइंट उरकून येतो. आम्ही मे महिन्यात जीव उकडला की घाट चढतो, वारा खातो आणि रात्रीच्या जेवणाला घरी. गाविलगडचा किल्ला दर वेळी पाहायचा राहतोच. इंग्रज सेनापती वेलस्लीला तो 15 डिसेंबर 1803 रोजी घ्यायची घाई होती; आम्हाला कसली? मुक्तागिरी म्हणायला मध्य प्रदेशात, बैतुल जिल्ह्यात, पण पाऊस बरा झाला की तिथला धबधबा आमचाच.

बहिरमची जत्रा मात्र कोणी चुकवत नाही. थंडीत गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत असतात. वरून काळे पडलेले, राख झटकून हाताने फोडले की आतून कणकेचे पदर सुटतात आणि त्यांत तूप मुरतं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, नाहीतर हंडीतलं मटण. यासाठी तरी माणसानं इकडं घर करावं, असं माझं मत आहे.

'आपलंच हाय' या भावनेची दुसरी बाजूही आहे. गोल हौदाच्या मधोमध उभा असलेला आठ बाजूंचा मनोरा, हौज कटोरा, गावाच्या इतका जवळ, पण तिकडे पाय क्वचितच वळतात. परकोटाला टेकून टपऱ्या उभ्या राहतात, कमानीवर वाढदिवसाचे फलक चढतात, आणि कोणी हटकलं तर त्यालाच वेड्यात काढतात. लांबचं असतं तर हेच लोक तिथं चप्पल काढून गेले असते.

अचलपूर-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून पाहुणे एसटीनं येतात, अंग मोडून येतात. मी उत्साहानं हौज कटोऱ्याचं नाव काढतो. शेजारच्या काकू दारातूनच मला गप्प करतात, "काहून घाई करता भाऊ? पाहुन्याईले आंधी जेवू द्या. मंग पाहाले सारं गाव हायच."